समलिंगी प्रणयदृश्यांचे औचित्य : मराठी नाटक व चित्रपटांच्या संदर्भात

प्रस्तावना :

पदव्युत्तर वर्गात सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी शिकवत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, कादंबरीचं ठीक आहे, पण पिक्चरमध्ये ते सगळं दाखवायची गरज होती का?" प्रश्न उद्धटपणे विचारलेला नव्हता. वर्गातील बहुतेकांच्या मनात तोच होता, हे त्यांच्या शांततेवरून कळत होते. ही कादंबरी २००६ साली मराठीत आली. एकाच घरात राहावयास आलेल्या तरुणावर भाऊ आणि बहीण या दोघांचेही प्रेम जडते आणि दोघेही आपापल्या निवेदनातून ते सांगतात, अशी तिची रचना आहे. २०२२ साली तिच्यावरील हिंदी-इंग्रजी चित्रपट नेटफ्लिक्सवर आला आणि कादंबरीत जे आठवणीच्या रूपाने येत होते ते पडद्यावर देहरूपाने आले. विद्यार्थ्याची अडचण नेमकी तेथे होती. दोन पुरुषांचे प्रेम शब्दांत वाचताना तो अडखळला नव्हता, पाहताना अडखळला.

त्या दिवशी मी दिलेले उत्तर मलाच अपुरे वाटले. 'कलावंताला स्वातंत्र्य असते' असे म्हणून विषय संपवता येतो, परंतु त्याने स्वातंत्र्याविषयी विचारलेच नव्हते. त्याने गरजेविषयी विचारले होते. समलिंगी युगुलांची उघड प्रणयदृश्ये चित्रपटात आवश्यक असतात काय, या प्रश्नाचा विचार मराठी नाटक-चित्रपटांतील उदाहरणांच्या आधारे करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

'गरज' या शब्दाचे मूळ :

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, गरजेची ही कसोटी केवळ प्रेक्षकांच्या संकोचातून आलेली नाही. ती नियमांतही आहे. चलच्चित्र अधिनियम, १९५२ नुसार केंद्र शासनाने ६ डिसेंबर १९९१ रोजी चित्रपट प्रमाणनासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, त्यांत 'लैंगिक विकृती' दर्शविणारी दृश्ये टाळावीत आणि विषयाच्या दृष्टीने ती अपरिहार्य असतील तर ती कमीत कमी ठेवून तपशील दाखवू नयेत, अशा आशयाचे कलम आहे. विकृती म्हणजे काय, याची व्याख्या तेथे दिलेली नाही. भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ ज्या काळात प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांनाही गुन्हा मानत होते, त्या काळात या शब्दाचा रोख कोणाकडे वळे, हे वेगळे सांगावयास नको. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी हे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय फिरवला आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने हे संबंध गुन्हा नाहीत असे ठरविले. ज्याला कायदा गुन्हा मानत नाही, त्याला विकृती म्हणून वगळण्याचा आधार त्या दिवशी निघून गेला. तथापि 'गरज आहे का' हा प्रश्न मात्र राहिला.

स्त्री-पुरुषांच्या प्रणयदृश्याला हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तेथे 'अतिरेक झाला' किंवा 'बटबटीत वाटले' असे म्हणतात. म्हणजे दृश्याचे असणे मान्य करून त्याच्या प्रमाणाविषयी तक्रार होते. समलिंगी युगुलाच्या बाबतीत दृश्याच्या असण्यालाच कारण द्यावे लागते. द्व्यर्थी संवादांनी भरलेल्या दादा कोंडके यांच्या चित्रपटांना मराठी प्रेक्षकाने सहकुटुंब हसून रौप्यमहोत्सव दिले, त्या वेळी या गाण्याची कथेला गरज काय, असे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. हा दादांवरील आक्षेप नव्हे.

भरतमुनी आणि सहकुटुंब प्रेक्षक :

'घरच्यांसोबत बसून पाहता येत नाही' हा आक्षेप आपल्याकडे फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात सामान्याभिनयाच्या विवेचनात शयन, चुंबन, आलिंगन यांसारख्या गोष्टी रंगमंचावर दाखवू नयेत असे सांगितले असून त्याचे कारण अत्यंत व्यावहारिक दिले आहे. नाटक पिता-पुत्र, सासू-सून एकत्र बसून पाहतात, त्यांना लाज वाटेल. येथे प्रेम निषिद्ध मानलेले नाही. शृंगार हा तर रसांत अग्रस्थानी आहे. निषेध आहे तो प्रेक्षागृहातील नात्यांच्या संकोचामुळे. आणि हा निषेध सर्वच प्रणयाला सारखा लागू आहे, ही गोष्ट आजच्या चर्चेत विसरली जाते. भरताचा आधार घ्यावयाचा असेल तर तो दुष्यंत-शकुंतलेपासून घ्यावा लागेल.

क्षेमेंद्राने अकराव्या शतकात मांडलेला औचित्यविचार या विषयात अधिक उपयोगी पडतो. एखादा घटक स्वतंत्रपणे सुंदर किंवा असुंदर नसतो, तो ज्या ठिकाणी येतो तेथे शोभतो की नाही हे पाहावयाचे असते. सर्वोच्च न्यायालयानेही निराळ्या भाषेत हेच म्हटले आहे. के. ए. अब्बास प्रकरणात १९७० साली, कामविषय आणि अश्लीलता या एकच गोष्टी नव्हेत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. 'बँडिट क्वीन'संबंधी १९९६ साली निर्णय देताना, विवस्त्र धिंडीचे दृश्य वासना चाळवण्यासाठी नसून प्रेक्षकाला त्या अत्याचाराची चीड यावी यासाठी आहे, हे न्यायालयाने संपूर्ण चित्रपटाच्या संदर्भात तपासून ठरविले. एक दृश्य सुटे काढून त्याचा निवाडा करता येत नाही.

न दाखवलेले नाते :

मराठीत या विषयाची चर्चाच मुळात खटल्याने सुरू होते. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना जी उत्तरे दिली, त्यांवरून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. त्या प्रश्नोत्तरांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. कर्वे यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. निकाल मात्र कर्वे यांच्या विरोधात गेला आणि त्यांना दंड झाला. तेथे दृश्य नव्हते, वर्णनही नव्हते, माहिती होती.

रंगभूमीवर हे नाते ठळकपणे आले ते विजय तेंडुलकर यांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकातून, १९८१ साली. विनय आपटे यांचे दिग्दर्शन होते आणि सुमित्रेची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. काळाच्या मानाने नाटक धाडसी होते यात शंका नाही. तरीही त्याची रचना पाहावी. सुमित्राची गोष्ट सांगतो तो बापू, तिचा मित्र. नमाविषयी सुमित्राला काय वाटते हे आपल्याला पुष्कळसे बापूच्या तोंडून, त्याच्या गोंधळातून आणि त्याच्या दुःखातून कळते. महाविद्यालयीन नाटकात सुमित्रा पुरुषाची भूमिका करते आणि नमा तिची नायिका असते. म्हणजे या दोघींच्या जवळिकीलाही एक वेषांतर लागते. बालगंधर्वांना भामिनीच्या रूपात डोक्यावर घेणाऱ्या मराठी प्रेक्षकाला दोन समलिंगी नटांचा रंगमंचीय शृंगार नवीन नव्हता. तो वेषाच्या आडून चालत होता. वेष उतरवून सुमित्रा आपले म्हणणे सांगू लागते तेव्हा तिला जागा उरत नाही आणि नाटक तिच्या आत्मनाशाने संपते. तेंडुलकर यांच्याच लेखनावर आधारलेल्या रवी जाधव यांच्या 'मित्रा' या २०१४ च्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

'उंबरठा' (१९८२) या जब्बार पटेल यांच्या चित्रपटाची पटकथाही तेंडुलकर यांचीच. स्मिता पाटील यांची सुलभा महिलाश्रमाची अधीक्षिका होते. आश्रमातील दोन स्त्रियांचे एकमेकींशी असलेले नाते उघडकीस येते, इतर स्त्रियांत खळबळ उडते आणि व्यवस्थापनाला संस्थेच्या अब्रूची काळजी लागते. सुलभेच्या मनात या दोघींविषयी कणव आहे, परंतु ती कणव उपचाराच्या भाषेतील आहे. त्या काळी जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतूनही समलैंगिकता वगळलेली नव्हती. ते १९९० साली घडले. त्यामुळे चित्रपटाला दोष देण्याचा हेतू नाही. मुद्दा असा की, या दोघींचे एकमेकींवर प्रेम आहे याची प्रेक्षकाला जाणीव होण्याआधी त्या एक 'प्रकरण' झालेल्या असतात. इतर सगळे त्यांच्याविषयी बोलतात. त्यांच्यातला एखादा साधा प्रसंग, एकीने दुसरीच्या केसांना तेल लावण्याचा म्हणा, आपण पाहिला असता तर समितीपुढची चर्चा आपण निराळ्या कानांनी ऐकली असती. अमोल पालेकर यांच्या 'थांग' (२००६) या चित्रपटात पतीचे आपल्या मित्राशी संबंध असल्याचे पत्नीला कळते. मृणाल कुलकर्णी यांनी साकारलेल्या त्या स्त्रीची वेदना चित्रपट प्रामाणिकपणे मांडतो. पण पाहणारा डोळा येथेही तिसऱ्याचा आहे.

या तीन कृतींत उघड दृश्य नाही, म्हणून त्या सभ्य ठरल्या असे म्हणता येईल. माझ्या मते त्यातून एक नुकसानही झाले. नाते कधी मित्राने सांगितलेले, कधी समितीने हाताळलेले, कधी पत्नीला सापडलेले असे राहिले. स्पर्श वगळल्याने ते प्रेम न राहता बातमी झाले.

उघडेपणा कोणाचा? :

याच्या दुसऱ्या टोकाला 'फायर' हा चित्रपट आहे. दीपा मेहता यांचा हा १९९६ चा चित्रपट भारतात नोव्हेंबर १९९८ मध्ये प्रदर्शित झाला. प्रमाणन मंडळाने प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र देताना दृश्ये कापली नव्हती. हिंदी आवृत्तीत सीता हे नाव बदलून नीता करावयास लावले होते. डिसेंबरच्या आरंभी मुंबईत शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी चित्रपटगृहांची मोडतोड केली. दिल्लीतही तेच घडले. चित्रपट पुन्हा मंडळाकडे गेला आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये एकही दृश्य न कापता परत आला. आक्षेपांची भाषा पाहिली तर दृश्य किती उघडे आहे यापेक्षा दोन हिंदू सुना एकमेकींत सुख शोधतात, हेच खुपलेले दिसते. शेवटी दोघी जिवंत राहतात आणि एकत्र येतात. दृश्य काढून टाकले असते तरी ही तक्रार मिटली नसती.

उघडेपणाची सर्वांत विदारक कथा मात्र चित्रपटातील नाही. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. 'पाया खालची हिरवळ' हा त्यांचा कवितासंग्रह. ८ फेब्रुवारी २०१० रोजी कॅमेरा घेतलेली माणसे त्यांच्या निवासस्थानात घुसली आणि एका पुरुषासोबत असताना त्यांचे चित्रीकरण करण्यात आले. विद्यापीठाने त्यांना निलंबित केले. १ एप्रिल रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला आणि ७ एप्रिल रोजी ते आपल्या खोलीत मृतावस्थेत आढळले. मराठी शिकवणाऱ्या माणसाला ही हकिकत निव्वळ उदाहरण म्हणून लिहिता येत नाही.

हंसल मेहता यांनी यावर 'अलीगढ' हा चित्रपट केला, तो २०१६ साली आपल्याकडे प्रदर्शित झाला. त्यांच्यापुढील पेच आपल्या विषयाच्या गाभ्याचा आहे. घुसखोरांच्या कॅमेऱ्याने जे पाहिले तेच चित्रपटाच्या कॅमेऱ्याने पाहावयाचे काय? आरंभी दिग्दर्शक आपल्याला इमारतीबाहेर, रात्रीच्या अंधारात, दूर ठेवतात. पुढे खोलीतील प्रसंग येतो तेव्हा सिरस यांची जवळीक आणि तिच्यावर झालेला हल्ला ही दोन्ही आपण पाहतो. आतले काहीच दाखवले नसते तर काय हिसकावून घेतले गेले हे कळले नसते. मनोज बाजपेयी यांचे सिरस बहुतेक वेळ एकटेच, गाणे ऐकत, पेला हातात घेऊन बसलेले दिसतात. त्या एकटेपणाला अर्थ येतो तो खोलीतल्या त्या थोड्या क्षणांमुळे.

म्हणजे किती दाखवले यापेक्षा कोणाच्या नजरेने दाखवले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये पुरुषी नजरेची जी मीमांसा केली ती आपल्या समीक्षेत आता परिचित आहे. २०१३ साली कान महोत्सवात सुवर्ण पाम मिळविणाऱ्या 'ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर' या चित्रपटातील दोन तरुणींच्या प्रदीर्घ शय्यादृश्यांवर सर्वांत बोचरी टीका केली ती ज्या चित्रकादंबरीवर तो आधारला होता ती लिहिणाऱ्या ज्युली मारो यांनीच. अभिनेत्रींनीही चित्रीकरणातील त्रास बोलून दाखवला. याउलट 'कॉल मी बाय युअर नेम' (२०१७) मध्ये ऐन क्षणी कॅमेरा खिडकीबाहेरच्या झाडांकडे वळतो, आणि त्याचे पटकथाकार जेम्स आयव्हरी यांनाच तो संकोच पटला नाही. एकीकडे भरपूर दाखवून पात्रे हरवली, दुसरीकडे नजर वळवून. 'कोबाल्ट ब्लू' चित्रपटाविषयी माझी तक्रार अशीच आहे. तेथे रंग, प्रकाश आणि देह इतके देखणे आहेत की कादंबरीतील तनयचा पुण्याच्या मध्यमवर्गीय घरातला कोंडमारा त्यात विरून जातो. म्हणून त्या विद्यार्थ्याचा प्रश्न मी पूर्णतः चुकीचा मानत नाही.

सुतकातील स्पर्श :

जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात रोहन परशुराम कानवडे यांच्या 'सबर बोंडं' या मराठी चित्रपटाला जागतिक कथापट विभागातील परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. १९ सप्टेंबर २०२५ रोजी तो आपल्याकडे चित्रपटगृहांत आला. आमच्या भागातील वाचकाला हा चित्रपट परका वाटू नये. अहिल्यानगर जिल्ह्यातील गावाकडची बोली, पडवी, माळरान, नातेवाइकांची लग्नाविषयीची चौकशी, हे सारे नांदगाव तालुक्यातील कोणत्याही गावचे असावे असे आहे. सबर म्हणजे निवडुंग. त्याची लाल बोंडे ज्याने माळावर तोडून खाल्ली आहेत, त्याला कुसळे काढल्याशिवाय त्या फळाला तोंड लावता येत नाही हे सांगावे लागत नाही.

मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या निधनानंतर आईसह गावी येतो. दहा दिवस गावीच राहावे लागते. बाल्या हा त्याचा लहानपणीचा मित्र. तोही लग्न टाळत आला आहे. या दहा दिवसांत दोघे पुन्हा जवळ येतात. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा बहुधा स्थिर आहे आणि घाई कशाचीच नाही. दोघांच्या देहांची जवळीक पडद्यावर आहे आणि ती लपवलेली नाही.

आता औचित्याची कसोटी येथे लावून पाहू. कथेचा काळ सुतकाचा आहे. सुतक म्हणजे स्पर्शाचे नियम: काय खावयाचे, कोठे निजावयाचे, काय करावयाचे नाही. घरात माणसे भरलेली आहेत, सांत्वनाला येणाऱ्यांची रीघ आहे, पण ज्याचा बाप गेला त्याला कोणी जवळ घेत नाही. त्याला रीत सांगतात आणि मुलगी सुचवतात. अशा वेळी रानात झाडाखाली मित्राच्या अंगाला अंग लावून पडून राहणे, ही त्या चित्रपटातील शोकाची एकमेव खरी विश्रांती आहे. तो स्पर्श काढून घेतला तर आनंदच्या दुःखाचे काय झाले हे समजणार नाही. संवादाने ते सांगता येणार नाही, कारण या माणसांजवळ त्यासाठी शब्द नाहीत. प्रमाण भाषेत 'समलिंगी' हा शब्द आहे; पडवीत बसून आईशी बोलताना तो कोण वापरेल? जेथे बोलीत शब्द नाही तेथे देहालाच बोलावे लागते. या चित्रपटापुरते तरी प्रणयदृश्य गरजेचे आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. मात्र ते गरजेचे आहे ते पात्रांच्या समलिंगी असण्यामुळे नव्हे. सुतकात अडकलेल्या, कोणी जवळ न घेतलेल्या मुलाची ही कथा आहे म्हणून.

कानवडे यांच्या 'उ उषाचा' या २०१९ च्या लघुपटात शेतमजुरी करणारी निरक्षर उषा गावच्या शिक्षिकेकडे ओढली जाते आणि त्या ओढीने अक्षरे गिरवू लागते. तेथे पाटीवरचे अक्षरच पुरते.

वर्गाकडे परत येताना :

त्या विद्यार्थ्याला मी नंतर विचारले, "तू चित्रपट पाहिलास का?" त्याने पाहिला नव्हता. त्याने मोबाइलवर कोणीतरी पाठवलेला दोन मिनिटांचा तुकडा पाहिला होता. तालुक्याच्या गावी अशा चित्रपटांचा बहुधा हाच प्रवास असतो. ते चित्रपटगृहात फारसे येत नाहीत आणि त्यांतील नेमके एक दृश्य तेवढे हातोहात फिरते. कादंबरीतील कोणते पान कोणाला पाठवले जात नाही. दृश्य संदर्भापासून तुटले की ते उघडे पडते आणि मग त्याची गरज काय हे कोणालाच सांगता येत नाही, दिग्दर्शकालाही नाही.

दुसरी एक गोष्ट मला वर्गात उभे असताना सुचली नव्हती. साठ जणांच्या वर्गात 'हे दाखवायची गरज काय' हा प्रश्न मोठ्याने विचारला जातो, तेव्हा तो साठ जणांना एकाच अर्थाने ऐकू येत नाही. एखाद्याला तो चित्रपटाविषयी वाटतो. एखाद्याला स्वतःविषयी. आणि त्याने तो कसा ऐकला हे अध्यापकाला कधीही कळत नाही, कारण तो हात वर करत नाही.

तेव्हापासून मी क्रम बदलला आहे. आधी कादंबरीतील तनयचे निवेदन पूर्ण वाचून घेतो, त्यानंतर 'मित्राची गोष्ट'मधील बापूचे, आणि मगच चित्रपटांकडे वळतो. चर्चेसाठी प्रश्न एवढाच ठेवतो की, या दृश्याआधी या पात्राविषयी आपल्याला काय माहीत होते आणि नंतर काय कळले. स्त्री-पुरुषांच्या एका प्रणयदृश्यालाही तोच प्रश्न लावावयास सांगतो. पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांनी निवडलेल्या हिंदी चित्रपटांतील दोन गाणी त्या कसोटीत नापास झाली, आणि त्यावर वर्गात जितका वाद झाला तितका समलिंगी दृश्यावर झाला नाही.